उचकीची बारा चित्रे

प्रिय कुसुम,

पत्राच्या आरंभी मी तुझ्या नावाआधी 'चि.' लिहीत असे. तू साठी ओलांडलीस, तरी ते सोडले नव्हते. आज सवयीने तेच लिहायला गेलो आणि थांबलो. तू गेल्याला सात महिने झाले. ते विशेषण आता तुला लागू पडत नाही. म्हणून 'प्रिय' लिहिले. तुझ्या हयातीत हा शब्द मी तुला एकदाही लिहिला नाही, ही पहिली नोंद.

पत्र आजच लिहिण्याचे कारण सांगतो. उद्या सकाळी पुण्याहून अनुजा नावाची एक मुलगी नंदुरबारला येते आहे. जुने चित्रपट आणि त्यांचे साहित्य जतन करणाऱ्या एका संस्थेत ती काम करते. मुंबईच्या ज्या लहानशा स्टुडिओत तू बारा वर्षे शाई आणि रंगाचे काम केलेस, त्या स्टुडिओच्या एका चित्रपटाची फीत त्यांना सापडली आहे. तुझा बकरीचा चित्रपट. त्याची मूळ चित्रे कुणाकडे उरली आहेत का, याचा शोध घेत घेत ती माझ्या फोनपर्यंत पोहोचली.

आणि मी तिच्याशी खोटे बोललो.

तिने विचारले, "सर, कुसुमताईंनी काही सेल घरी आणले होते, असं त्यांच्या एका सहकारी बाईंनी सांगितलं. ते आहेत का?" मी म्हणालो, "होते. वाळवी लागली." मग ती फार आदराने म्हणाली, "सर, सेल म्हणजे अॅसिटेटचा पारदर्शक ताव. वाळवी तो खात नाही. पण पेटी लाकडी असेल, तर पेटी पोखरली गेली असेल आणि आत माती शिरली असेल." मी म्हणालो, "हो. लाकडीच होती."

कुसुम, तुझी पेटी पत्र्याची आहे. ती या क्षणी माझ्या पायाशी आहे.

चाळीस वर्षे ज्याने तर्कशास्त्र शिकवले, त्याला धड खोटेही बोलता आले नाही. त्याच्या खोट्यातले भगदाड एका परक्या मुलीने सौजन्याने बुजवून दिले आणि त्याने ते मुकाट्याने स्वीकारले. तिच्या यादीत आता तुझ्या कामापुढे 'वाळवीने नष्ट' असे लिहिले आहे. उद्या ती पेटी पाहायला येते आहे. माझ्यापुढे दोन मार्ग आहेत: पेटी हरवली म्हणून सांगणे, किंवा काय घडले ते सांगणे. कोणता मार्ग घ्यायचा हे ठरवण्याआधी मला ते सगळे एकदा तुझ्यासमोर मांडायचे आहे. ते ऐकण्याचा पहिला अधिकार तुझा.

आरंभ आपल्या कोरीट गावापासून करावा लागेल. आपल्या शेतातल्या घरी एक बकरी होती, भिंगरी. वाळत घातलेल्या मिरच्यांत तोंड घालून तिने एकदा मूठभर मिरच्या खाल्ल्या आणि तिला उचक्या लागल्या. प्रत्येक उचकीला तिचे चारही पाय जमिनीवरून सुटत. तू सात वर्षांची होतीस. दिवसभर तिच्यासमोर उकिडवी बसून राहिलीस. माय म्हणाली, "हाई पोरगी बकरीले देखी देखी बकरी व्हई जाई." मी तेव्हा अठरा वर्षांचा, सुटीवर आलेला, हातात पुस्तक. मी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. माझ्या लक्षात राहिले ते फक्त मायचे वाक्य.

पुढे तू चित्रकलेची पदविका घेतलीस, लग्न होऊन मुंबईला गेलीस, आणि त्या स्टुडिओत कामाला लागलीस. सुटीत आलीस की सांगायचीस, मी ऐकल्यासारखे करायचो. स्टुडिओचे मालक मुलांसाठी चार मिनिटांचा चित्रपट करणार होते. बाजारात शिरून दिसेल ते खाणाऱ्या माकडाची गोष्ट ठरली होती. तू भिंगरीची उचकी कागदावर काढून दाखवलीस, आणि गोष्टीतल्या माकडाची बकरी झाली. हे मला तू कधी सांगितलेस? सांगितले असशील. मी ते ठेवून घेतले नाही.

एक गोष्ट मात्र आठवते. ओट्यावर आपण मिरच्यांची देठे खुडत होतो. तू हातात पांढरा सुती मोजा घातला होतास. त्याचा अंगठा आणि दोन बोटे कापलेली. मला तो दिखाऊपणा वाटला. मी म्हणालो, "मिरच्या खुडायला हातमोजे?" तू हसलीस. "स्टुडिओना शे, दादा. तावले हातना घाम लागाले नको, आन पेनले बोटं मोकळा पाहिजेत. आठे उलटं शे. हातले तिखट लागाले नको."

मग तू सांगत राहिलीस, आणि मी का कोण जाणे, त्या दिवशी थोडे ऐकले. फटी पाडलेल्या गोल डब्यात चित्रांची पट्टी ठेवून डबा फिरवला की घोडा पळू लागतो, ही त्या कलेची सुरुवात. आपल्याकडेही मूकपटांच्या काळात कुणीतरी साध्या काड्या एकेक चित्रागणिक किंचित सरकवून त्यांना नाचायला लावले होते. त्याची फीत आज कुठेच नाही. सुरुवातीला प्रत्येक चित्रात मागचे झाड, घर, आकाश सगळे पुन्हा काढावे लागे. मग पारदर्शक ताव आला. झाड एकदाच काढायचे, आणि त्यावर बकरीचे ताव एकामागून एक ठेवत जायचे. तावाच्या पुढच्या बाजूला शाईची रेघ, मागच्या बाजूला रंग. खाली तीन छिद्रे, ती टेबलावरच्या तीन खुंट्यांत बसवायची, म्हणजे एकही चित्र केसभर हलत नाही.

"एक उचकीले बारा चित्रं लागतस," तू म्हणालीस. "बारा चित्रं म्हंजे एक सेकंद."

मी म्हणालो, "एका सेकंदासाठी बारा चित्रे? हे काम आहे की प्रायश्चित्त?"

तू मिरची खुडत राहिलीस. माझे ते वाक्य मी आज जसेच्या तसे लिहितो आहे, कारण मला ते तेव्हा चतुर वाटले होते.

तुझे यजमान गेले. पाठोपाठ रंगाचे काम संगणकावर होऊ लागले आणि तुझा स्टुडिओ बंद पडला. तू नंदुरबारला परत आलीस, माझ्या घराच्या मागच्या खोलीत, आणि अक्कलकुव्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवू लागलीस. पहाटेची एसटी, संध्याकाळची एसटी. सामानात एक पत्र्याची पेटी होती. स्टुडिओत चित्रीकरण झाले की सेल सोड्याच्या पाण्यात धुऊन पुन्हा वापरत. बकरीचे सेल धुवायला निघाले, तेव्हा तू मालकांना विचारून एका पेटीत मावतील तेवढे वाचवलेस. एक सेल, त्यावर एक बटर पेपर, पुन्हा एक सेल. पेटी तू कधी पत्र्याच्या छपराच्या खोलीत ठेवली नाहीस. उन्हाळ्यात ती पलंगाखाली, ओल्या पोत्याच्या शेजारी असे. वर्षातून दोनदा तू झाकण उघडून आत नाक घालायचीस. मला वाटे, लोणच्याची बरणी समजून हुंगते आहे. अॅसिटेट खराब होऊ लागला की त्याला आंबूस वास येतो, हे मी तू गेल्यावर वाचले.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या महाविद्यालयात तेव्हा ओव्हरहेड प्रोजेक्टर आला होता. पारदर्शक तावावर लिहायचे, यंत्रावर ठेवायचे, भिंतीवर मोठे दिसते. यंत्र आले, पण त्याचे कोरे ताव आले नाहीत. मागणी पाठवली होती, उत्तर नव्हते. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाची समिती वर्ग पाहायला येणार होती. मला सत्यता कोष्टके दाखवायची होती. तुला त्याचा अर्थ मी कधी समजावला नाही. एखाद्या युक्तिवादातली विधाने खरी किंवा खोटी असण्याच्या सगळ्या शक्यता रकान्यांत मांडून निष्कर्ष तपासायची ती पद्धत.

जेवताना मी तुला विचारले, "पेटीतले ते ताव आता काही कामाचे आहेत का?"

तू म्हणालीस, "कामना नई शेतस. पण ऱ्हाऊ दे."

मी तुझ्या उत्तराचा पहिला भाग आधारविधान म्हणून घेतला आणि दुसरा भाग गाळला. असे एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत केले असते, तर मी त्याला शून्य गुण दिले असते आणि समासात कारणही लिहिले असते.

दोन दिवसांनी तू शाळेच्या मुलींना घेऊन तीन दिवस तोरणमाळला गेलीस. त्याच दिवशी दुपारी मी घंगाळात कोमट पाणी काढले, दोन मुठी सोडा टाकला, आणि पेटी उघडली. रंग सुटायला फार वेळ लागत नाही. आधी कडा उचलतात, मग पापुद्र्यासारखा अख्खा रंग सरकतो. लाल रंग सगळ्यात शेवटी सुटला. ते पाणी मी पेरूच्या झाडाच्या आळ्यात ओतले. तुझ्या बकरीच्या तोंडातल्या मिरच्या, तिचे डोळे, बाजारातले छत, सगळे त्या आळ्यात गेले.

काही सेलवरची शाईची रेघ मात्र निघाली नाही. घासूनही तिचा फिकट माग राहिला. असे ताव मी 'दुय्यम प्रत' म्हणून बाजूला ठेवले. हा शब्दही माझाच.

एक प्रश्न मी इतकी वर्षे स्वतःला विचारला नाही, तो आता विचारतो. ते ताव खरोखर निरुपयोगी आहेत असे मला वाटत होते, तर मी तू जाण्याची वाट का पाहिली? निरुपयोगी वस्तू धुवायला मालकाच्या गैरहजेरीची गरज पडत नाही. मी दिवस निवडला. म्हणजे मला ठाऊक होते. यापुढे 'मला कळले नाही' हे वाक्य मला उपलब्ध नाही.

तू परत आलीस तेव्हा ताव अंगणात दोरीवर, कपड्यांच्या चिमट्यांना लटकत होते. दारात उभी राहून तू ते पाहिलेस. पाठीला पिशवी, पायांवर घाटातली धूळ. मी वाक्ये तयार ठेवली होती: शिक्षणासाठी आहे, तूच म्हणालीस कामाचे नाहीत, स्टुडिओही धूतच होता. तू एकही वाक्य वापरायची संधी दिली नाहीस. तू विचारलेस, "दादा, सोडा कितला टाका?"

"दोन मुठी."

"जास्त व्हयना." तू एका तावाचा कोपरा बोटांत धरून उजेडाकडे केलास. "हाऊ देख, कोपरा पांढरा पडना."

मी म्हणालो, "तुला चालेल ना?"

"व्हई गयं ना आते," तू म्हणालीस, आणि ताव दोरीवरून काढू लागलीस. लटकवले की वाकतात, सपाट ठेवायचे असतात, हे मला तेव्हा कळले. माझ्या पलंगावर जुन्या चादरीवर तू ते एकेक पसरलेस. तू तक्रार केली नाहीस, ती मी संमती मानली. ज्याला तक्रार करून काही परत मिळणार नसते, तोही ती करत नाही. ही दुसरी शक्यता माझ्या कोष्टकात नव्हती. बरोबर असण्याची सवय जडलेल्या माणसाला दुसरा रकाना दिसत नाही, कुसुम.

आणि यानंतर तू जे केलेस, ते मला अजून पेलत नाही. समितीच्या आदल्या दिवशी मी एकाच तावावर अख्खे कोष्टक खरडून सराव करत होतो. तू मागे उभी होतीस. म्हणालीस, "एकदम बठ्ठं दखाडशी ते पोरं काय देखतीन? एकेक रकाना येऊ दे ना." खोलीत जाऊन तू ती तीन खुंट्यांची लाकडी पट्टी आणलीस. पहिल्या तावावर फक्त अक्षरे. दुसऱ्यावर फक्त पहिला रकाना. तिसऱ्यावर दुसरा. छिद्रे खुंट्यांत बसवत एकावर एक ताव ठेवत गेले की भिंतीवर कोष्टक पायरीपायरीने उगवू लागले, आणि शेवटच्या तावाबरोबर निष्कर्ष. केसभर हलले नाही. तू माझ्या तर्कशास्त्राला चालायला शिकवलेस. ज्यांचे रंग मी धुतले होते, त्याच तावांवर.

समिती प्रसन्न झाली. पुढे इतर महाविद्यालयांतून मला बोलावणी येऊ लागली. 'अभिनव अध्यापन पद्धती' असे तिला नाव पडले. माझा गौरव झाला, तेव्हा तू चौथ्या रांगेत, निळ्या काठाच्या पातळात बसली होतीस. मी भाषणात म्हणालो, "ही कल्पना मला वर्गात शिकवता शिकवता सुचली." तुझ्याकडे पाहिले नाही. घरी येताना रिक्षात तू म्हणालीस, "चांगलं बोलना, दादा. बठ्ठं सांगं."

'सगळे सांगितलेस' हा टोमणा होता, की तुला खरोखर चांगले वाटले होते? तीस वर्षे मी हा प्रश्न टाळला. तुझा आवाज दोन्हींसाठी सारखाच असे.

एक विद्यार्थी मात्र होता, नाव विसरलो, मागच्या बाकावरचा. कोरे ताव संपले म्हणून मी त्या दिवशी एक दुय्यम ताव वापरला. भिंतीवर कोष्टक उमटले आणि तो उठून म्हणाला, "सर, निष्कर्षना मांगे बकरी शे." वर्गात हशा फुटला. मी त्याला बाहेर काढले. घरी येऊन जाड पेनाने रकाने पुन्हा गिरवले, रेघ दिसू नये म्हणून. त्या वर्गात मला खोडून काढणे अशक्य असलेले एकच विधान त्या दिवशी झाले होते, आणि ते करणाऱ्याला मी दाराबाहेर उभे केले.

तू गेल्यावर पंधरा दिवसांनी मी तुझी पेटी उघडली. रिकामी असेल असे वाटले होते. ती रिकामी नव्हती. बटर पेपर होते. सगळे. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने तुझ्या हाताने आकडा, त्या सेलचा. कुठे कुठे लाल रंगाची टिकली चिकटून राहिलेली. मध्ये काही नाही आणि वर काही नाही. फक्त कागद, क्रमाने. तू वेष्टने तीस वर्षे क्रमाने सांभाळलीस. मला वाटते तू वर्षातून दोनदा ती पेटी उघडत राहिलीस. नाक घालत होतीस की नाही, हे मी पाहिले नाही. पाहायला हवे होते.

तेव्हापासून मी वाचतो आहे. कसला हा तुझा विषय, म्हणून ज्याकडे पाठ फिरवली, तो आता मला दिवसभर पुरतो. जगात कुठे कुठे असे सेल काचेमागे, थंड खोलीत, सुती मोजे घालूनच हाताळायचे म्हणून ठेवलेले असतात. ते ज्यांनी रंगवले त्यांची नावे बहुतेकदा चित्रपटात नसतात. बायकाच असत त्या, रांगेत टेबलांवर बसलेल्या, पुढ्यात आकडे घातलेल्या रंगांच्या बाटल्या. ही कला हलणारी म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात ती एका जागी मान मोडून बसणाऱ्यांची होती. मला आता धुण्याची पद्धतही समजते, आणि त्या मालकांचा राग येत नाही. त्यांना पुढचे काम उभे करायचे होते, आणि तू विचारताक्षणी त्यांनी तुला ठेवायला दिले. स्टुडिओही धूत होता, हा माझा बचाव इथे संपतो. धुण्यापासून जे एकदा वाचवले गेले, ते मी धुतले.

अनुजाने चित्रपट माझ्या फोनवर पाठवला. चार मिनिटे. मी तो किती वेळा पाहिला, हे सांगणे माझ्या वयाला शोभणार नाही. बकरी बाजारात शिरते, टोपली खाते, पाटी खाते, मग मिरच्या. आणि उचकी. चारही पाय सुटतात. कुसुम, ती भिंगरी आहे. तिची डावीकडे तिरकी होणारी मान, उचकीनंतर आपल्याला कुणी पाहिले का असे बघणे. मी त्या दिवशी पुस्तकातून मान वर केली नव्हती. साठ वर्षांनी तू ती माझ्याकडून वर करून घेतलीस. मी हसलो. माझी सून स्वयंपाकघरातून येऊन विचारू लागली, "आप्पा, काय झालं?"

मग मी तो एकेक चित्र थांबवून पाहिला. उचकीच्या सातव्या चित्रात, बकरीच्या कानावर, एका बोटाचा ठसा आहे. रंग ओला असताना टेकलेला. पडद्यावर तो सेकंदाचा बारावा हिस्सा असतो. वेगात कुणालाच दिसणार नाही. तो तुझाच, असे मी सिद्ध करू शकत नाही. स्टुडिओत रंगाला आणखी एक बाई होती. सिद्ध होत नाही, एवढेच मी लिहितो. पण मी तिथे अंगठा ठेवून पाहिला.

आणि आता उरलेली एक गोष्ट. माझ्या जुन्या टिपणांच्या फायलीत तो दुय्यम ताव सापडला, ज्यावरून मी त्या मुलाला बाहेर काढले होते. जाड पेनाने गिरवलेले सत्यता कोष्टक. तिरका धरून उजेडात पाहिला की मागे रेघ दिसते. पोट, चार सुटलेले पाय, तिरकी मान. कोपऱ्यात फिकट आकडा, सात; उचकीचे सातवे चित्र. पेटीतला सात आकड्याचा बटर पेपर मी काढला आणि तो त्यावर ठेवला. बरोबर बसला. बारा चित्रांतले एक घरी आहे, कुसुम. इतर अकरा पेरूच्या आळ्यात गेली.

आज सकाळी अनुजाला फोन करून मी एवढेच विचारले की सेलवर कुणी पेनाने लिहिले असेल, तर ते काढता येते का. ती म्हणाली, "प्रयत्न करता येतो, सर. पण जी रेघ आधीच धुवून फिकी झालीये, ती त्याबरोबर जाऊ शकते. का विचारताय?" मी म्हणालो, "उद्या आल्यावर सांगतो." तिने पुढे विचारले नाही. ती फार समजूतदार मुलगी आहे. पेटी लाकडी असेल, हे तिनेच सुचवले होते. मला वाटते तिला तेव्हाच कळले होते.

त्यामुळे निर्णय असा. माझी अक्षरे पुसायची नाहीत. माझी अक्षरे निघाली तर तुझी रेघ जाईल, आणि तुझी रेघ राहिली तर माझे कृत्य तिच्यावर बसलेले राहील. दोन्ही एकत्र जपली जातील, थंड खोलीत, मोजे घालून. ज्याला ते लाजिरवाणे वाटावे असा माणूस मीच आहे, आणि माझी त्याला हरकत नाही.

आता वचन. उद्या ती आली की पहिल्यांदा पेटी तिच्यापुढे ठेवीन आणि हात लावून पाहायला सांगीन, म्हणजे ती पत्र्याची आहे हे मला शब्दांत सांगावे लागणार नाही. आणि मग शब्दांतही सांगीन. तिच्या यादीतले 'वाळवीने नष्ट' खोडायला लावीन. त्या जागी काय लिहायचे ते मी तयार केले आहे: रेघ आणि रंग कुसुमचे, धुतले तिच्या थोरल्या भावाने, ती घरी नसताना, ताव एकावर एक ठेवून कोष्टक दाखवण्याची पद्धतही तिचीच, त्या पद्धतीसाठीचा गौरव मात्र भावाने घेतला. महाविद्यालयालाही तसे पत्र लिहून ठेवले आहे. ते उद्या टपालात पडेल.

आयुष्यभर तू माझ्याशी आपल्या बोलीत बोललीस आणि मी तुला पुस्तकी मराठीत उत्तरे दिली. घरातसुद्धा. रिक्षात तू जे म्हणालीस, त्याचे उत्तर द्यायचे राहिले आहे. ते तुझ्याच बोलीत देतो.

त्या दिन मी बठ्ठं नई सांगं, कुसुम. सकायले सांगसू.

तुन्हा,
दादा